तीन दिवसांची सवलत

गेल्या ज्येष्ठाच्या अखेरीस मी चिंचवड, चाकण, देहू या भागात आठवडाभर हिंडून आलो. त्या हिंडण्यात मी शास्त्रात नसलेली एक गोष्ट शास्त्राच्या नावावर सांगितली, आणि तिच्यामुळे एका म्हातारीला लख्ख उन्हात गावभर हात पसरत फिरावे लागले. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर नद्या, देवळे आणि जेवणाखाणाच्या वर्णनात ते कुठेतरी मागे सरकेल. मागे सरकवण्याची कला मला चांगली येते. मी नगरच्या एका देवळात पुराण सांगतो. कोणता प्रसंग रंगवायचा आणि कोणता घाईने उरकायचा, यावरच माझे पोट चालते.

चातुर्मास लागला की मला नगर सोडता येत नाही. म्हणून त्याच्या आधी दरवर्षी मी कुठेतरी जाऊन येतो. या वर्षी पुण्याच्या पलीकडचा हा भाग निवडला. तिकडे नवे कारखाने उभे राहत आहेत असे ऐकले होते, आणि जुनी क्षेत्रेही तिथेच आहेत. दोन्ही एका खेपेत पाहावीत असा विचार होता.

चिंचवड

स्टेशनवरून गावात जाईपर्यंत मैलभर धूळ आणि बाभळी. गाव मात्र नदीकाठी सावलीत बसलेले. पवनेला पाणी थोडे होते, पण घाट स्वच्छ होता. देवळाच्या धर्मशाळेत पथारी टाकली आणि दुपारी ओट्यावर येऊन बसलो, तर ओटा रिकामा. आमच्या नगरला दुपारी देवळाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. गाव निम्मे तिथेच झोपलेले असते. इथल्या गुरवाला कारण विचारले. तो म्हणाला की तरणी माणसे पिंपरीला औषधांच्या कारखान्यात जातात. उरलेली म्हातारी माणसे घरी बसून जमिनीला काय भाव येईल याचा विचार करतात. बुरशीपासून औषध काढतात म्हणे तिथे. हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला, की जणू कोणीतरी त्याला शिळे पाणी तीर्थ म्हणून पाजले आहे.

संध्याकाळी नदीवर एका बाईकडून भाजलेल्या शेंगा घेतल्या. इतक्या गोड शेंगा मी नगर जिल्ह्यात खाल्लेल्या नाहीत. आमच्याकडची जमीन काळी आणि कडक, शेंगेतही तो कडकपणा उतरतो.

इंद्रायणीपलीकडे

दुसऱ्या दिवशी देहूपर्यंत गेलो, होडीने नदी ओलांडली. पलीकडे बाबूराव पाटलांची बैलगाडी उभी होती. पाटलांची बहीण नगरला दिलेली आहे, तिच्याकडे आले की ते माझ्या पुराणाला बसतात. चाकणच्या वाटेवर त्यांचे गाव. गावाचे नाव लिहीत नाही. चूक गावाची कमी आणि माझी जास्त, आणि नाव छापले की वाचणारा गावाला बोल लावून मोकळा होतो.

पाटलांच्या घरचे मला चालत नसे, म्हणून त्यांनी शिधा पाठवला: तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, तुपाची वाटी आणि काटेरी वांगी. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत मी चूल मांडली. गप्पांच्या नादात वरण खाली लागले आणि करपल्याचा वास गावभर गेला. पाटील हसून म्हणाले, "महाराज, पुराणातलं अमृत ऱ्हाऊ द्या, वरण तेवढं जपा." माणूस मोकळा आणि मायाळू. हे सांगायला हवे, कारण पुढे जे घडले ते दुष्ट माणसांमुळे घडले असे कोणाला वाटू नये.

सोमवारी सकाळी सूर्यग्रहण होते. ढग विरळ होते. सूर्य थोडा वर येतो न येतो तोच त्याची कड कुरतडल्यासारखी दिसू लागली. परातीत हळदीचे पाणी ठेवून पोरे त्यात बिंब पाहत होती. पाटलांची सून गरोदर होती. तिला माजघरात अंधारात पाय लांब करून बसवले होते. हाताची घडी घालायची नाही, सुईला हात लावायचा नाही, काही चिरायचे नाही. तिचे पहिले मूल अधू जन्मले आणि महिनाभरात गेले. त्यामुळे घरातले सगळेच, पाटीलसुद्धा, दबक्या आवाजात बोलत होते.

आमच्या बाजूला ग्रहणात जी चाल आहे तीच इथेही आहे. ग्रहण लागले की मांगवाड्यातली माणसे "दे दान, सुटे गिराण" असे ओरडत गावातून फिरतात. राहू-केतू त्यांच्या कुळातले. त्यांना दान पोचले की ते सूर्याला सोडतात, अशी समजूत. लहानपणी आमची आई ओट्यावरून जुने लुगडे आणि धान्य खाली टाकायची, शिवाशिव होऊ नये म्हणून उंचावरून. मला ती एक गंमत वाटत असे.

त्या दिवशी गावातल्या बायका सुपात धान्य आणि जुनी लुगडी घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण कोणी आलेच नाही. ग्रहणाचा मध्य झाला. मोक्ष झाला. सूर्य पुरा सुटला तरी बायका सुपे घेऊन उभ्याच. मग कळले की मांगवाड्यातला सखाराम नावाचा माणूस पिंपरीच्या कारखान्यात लागला आहे, आणि त्याने वाड्यातल्या सगळ्यांना जाऊ नका म्हणून बजावले आहे. तो म्हणाला होता, "सूर्य आपल्या ताब्यात असता, तर आपण गावाबाहेर ऱ्हायलो असतो व्हय?"

हे वाक्य मारुतीच्या देवळापाशी कोणीतरी त्याची नक्कल करून सांगितले, आणि हसण्याऐवजी लोक चिडले. सखाराम त्या वेळी कारखान्यात होता. तरी चार जण काठ्या घेऊन मांगवाड्याकडे निघाले. पाटील माझ्याकडे वळले. 

"महाराज, तुमीच सांगा. माझ्या सुनेच्या पोटाला काय व्हईल का? शास्त्रात काय हाय?"

शास्त्रात स्नान सांगितले आहे, जप सांगितला आहे, दान सांगितले आहे. दान अमक्याने घेतलेच पाहिजे, असे मी वाचलेल्या एकाही ग्रंथात नाही. हे मला तेव्हाही माहीत होते. माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. पण सगळे चेहरे माझ्याकडे वळले होते, आणि पुराण सांगणाऱ्या माणसाला "मला ठाऊक नाही" किंवा "असे काही नाही" हे शब्द तोंडातून काढणे फार जड जाते. लोकांना हवे होते ते मी दिले. म्हणालो, दान घेणे हा त्यांचा धर्मच आहे, नाकारले तर दोष लागतो, पोटातल्या जिवालासुद्धा.

मग त्या काठ्यांकडे लक्ष गेले आणि मी घाबरलो. मारहाण व्हावी अशी माझी इच्छा खरोखरच नव्हती. म्हणून आवाज मऊ करून पुढे म्हणालो, "पण शास्त्र दयाळू आहे. मोक्षानंतर तीन दिवसांच्या आत दान घेतलं तरी दोष फिटतो. कोणी कोणावर हात उगारू नका."

काठ्या खाली आल्या. पाटलांनी माझे पाय धरले. ती तीन दिवसांची सवलत मी उभ्या उभ्या, त्या क्षणी, माझ्या डोक्यातून काढली होती. आणि मला वाटले, केवढे मोठे भांडण मी मिटवले.

चाकण आणि देहू

पुढचे दिवस मी समाधानात घालवले, हेच आता जास्त टोचते. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांमधून वाट काढत फिरलो. जुन्या किल्ल्याचा खंदक पाहिला. त्यात आता शेळ्या चरतात. एका खानावळीत मटकीची उसळ आणि लसणाची चटणी खाल्ली, ती इतकी तिखट होती की मालकाने आपणहून ताकाचा गडू आणून ठेवला. आळंदीला जाणाऱ्या मोटारीत छत्री विसरलो. आळंदीहून नदीकाठाने देहूला आलो, कारण येताना ते नीट पाहिलेच नव्हते.

देहूच्या डोहावर मासे हातातले चुरमुरे खायला येतात. तिथे बसून मी धर्मशाळेतल्या सोबत्यांना ग्रहणाची हकीकत सांगितली. शास्त्र किती कडक आहे, आणि ते सांगणारा शहाणा असला तर ते किती मऊ होते, याचा दाखला म्हणून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या गावी मी बसलो होतो त्या गावाने मला त्या वेळी तरी विचारायला हवे होते, की बाबा, काय बोलतोस. पण गावे बोलत नाहीत.

आकुर्डी ते पिंपरी

नवा कारखाना बाहेरून तरी पाहायचा आणि पुण्याहून नगरची मोटार धरायची, असे ठरवून देहूहून निघालो. आकुर्डीच्या खंडोबाचे दर्शन घेतले. हमरस्त्याला लागलो आणि वहाणेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी घेऊन डांबरावर चालत होतो. मागून एक सायकलवाला आला, उतरला, आणि मागे बसा म्हणाला. तिशीतला, खाकी अर्धी विजार, डोक्याला रुमाल.

मी जन्मात सायकलवर बसलो नव्हतो. तो म्हणाला, "घट्ट धरा, काका. पडला तर देव येनार न्हाई, मलाच थांबावं लागंल." मी सीटच्या खालची सळई दोन्ही हातांनी धरली. त्याची फक्त पाठ दिसत होती.

पिंपरीच्या कारखान्यात असतो म्हणाला. आकुर्डीत खोली पाहायला आला होता. गाव कोणते विचारले, तर त्याने पाटलांच्या गावाचे नाव घेतले. मी म्हटले, मग खोली कशाला, सायकल आहे की.  चढ आला होता. चढ संपल्यावर त्याने सांगितले.

ग्रहणाच्या दिवशी त्याने वाड्याला दान मागू दिले नव्हते. सगळ्यांनी ऐकले होते. तो खूश होता. पण गुरुवारी कारखान्यात गावातल्या एकाने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "काय सखाराम, तुझ्या आयनं काल सोडवला बरं का सूर्व्या." त्याला कळेना. मग कळले, की त्याची आई तान्हूबाई बुधवारी दुपारी एकटीच पदर पसरून गावभर फिरली, दारोदार.

"लख्ख ऊन पडलं व्हतं राव," तो म्हणाला. "डोक्यावर आख्खा सूर्व्या, आन् ही खाली वरडत व्हती, दे दान, सुटे गिराण. पोरं मागनं हसत व्हती. जुन्या लुगड्यांसाठी. सवय सुटंना म्हातारीला. त्या दिसापास्नं मी घरला गेलो न्हाई. जानार बी न्हाई."

मी विचारले, पण ग्रहण संपल्यावर कसे काय?

"कुनी येक नगरचा बामन आला व्हता. त्यानं तीन दिस दिलं म्हनं. ग्रहन सुटलं तवाच समदं मिटलं असतं, पर ह्यानं दिलं की तीन दिस." तो हसला. "लई दयाळू."

इथे मला एक गोष्ट लिहिली पाहिजे. तो मातंग आहे हे कळताच माझ्या मनात पहिला विचार आला तो आंघोळीचा. लाजेचा विचार त्याच्या नंतर आला. हा क्रम बदलून लिहिला असता तर कोणाला कळले नसते.

मी तो बामण आहे हे सांगायला अजून दोन मैल होते. मी सांगितले नाही. पिंपरीला उतरलो तेव्हा त्याने एका चांभाराचे दुकान दाखवले, आणि निघून गेला.

तिथे निर्वासितांची वसाहत आहे. एका सिंधी म्हाताऱ्याच्या दुकानात बसलो. त्याने भाजलेला पापड आणि पाणी दिले. देवाधर्माच्या नावाखाली घरदार सुटलेली ही माणसे, आणि पापड लाटून पुन्हा उभी राहत आहेत. त्याने सहज विचारले, "किधर जाना है, पंडितजी?" पुण्याची मोटार समोरच उभी होती. मी तिच्यात चढलो नाही. मोटार गेल्यावर उठलो, वहाण दुरुस्त करून घेतली आणि आलो त्या वाटेने मागे फिरलो.

पुन्हा त्याच गावात

पाटील गोठ्यात होते. मला पाहून आनंदले. सून बरी आहे, म्हणाले, म्हातारी येऊन दान घेऊन गेली आणि पोरीच्या मनातली धास्ती गेली. मी सांगितले की मी बोललो ते शास्त्रात नाही. दान घेतलेच पाहिजे हेही नाही आणि तीन दिवसही नाहीत. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली.

"मग आता काय करू? जाऊन सांगू पोरीला, ते समदं खोटं हाय म्हून? पुन्यांदा धास्ती घालू तिला?"

मी म्हटले, घेतले काय आणि न घेतले काय, मुलाला काहीच होणार नव्हते. तेच तिला सांगा.

"ते तवा सांगायचं व्हतं, महाराज," ते म्हणाले. पुढे माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी गाव गप केलं. आता तुमचाच शब्द मोडला तर उंद्या माझं कोन ऐकंल?"

 तरी देवळापुढे जी माणसे बसली होती त्यांना जाऊन मी तेच सांगितले. फार थोडे बोललो. पुराण सांगताना जसा आवाज लागतो तसा लागला नाही. लोकांनी ऐकून घेतले. एक जण तंबाखू मळत म्हणाला, "आज येक, उंद्या दुसरं. बुवा, शास्त्राला बी बाजारभाव असतो व्हय?" सगळे हसले. ते हसणे मला योग्यच वाटले. या खेपेला शिधा आला नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

मांगवाडा ओढ्यापलीकडे आहे. तान्हूबाई झोपडीपुढे बसून घायपाताच्या वाखाची दोरी वळत होती. सत्तरीची असेल. मी कोण ते सांगितले. तिने दोरी थांबवली नाही.

मी म्हटले, माझ्यामुळे तुम्हाला गावात मागत फिरावे लागले. गावाने धाक घातला का?

"धाक कोन घालतंय मला," ती म्हणाली. "ह्या गावातली निम्मी पोरं ह्या हातांनी काढल्यात. पाटलाच्या सुनेचं पयलं बी म्याच काढलं. ते गेलं. तुमी म्हनलात, दान घेतलं न्हाई तर दुसऱ्याला बी लागंल. तिसरा दिस व्हता. उगा आपल्यापायी लेकराला काय झालं तर? म्हनलं, वरडते गावभर. लोकं हसतील. हसू देत."

"आणि लुगडी?"

तिने मानेने दाखवले. झोपडीच्या कुडाशी जुन्या लुगड्यांचा ढीग पडला होता. वर धान्याची गाठोडी, न सोडलेली. तिने त्यातला एक दाणाही शिजवला नव्हता.

मी इतकी वर्षे पुराण सांगतो. ऐकणारे रडतात, दक्षिणा ठेवतात, घरी जाऊन जेवतात. माझा शब्द अक्षरशः खरा मानून, स्वतःची लाज बाजूला ठेवून, दुसऱ्याच्या लेकरासाठी भर उन्हात उतरलेले माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि तो शब्द खोटा होता.

मी ते तिला सांगितले. मुलाला कोणताच दोष लागणार नव्हता, तुम्ही उगाच फिरलात, मी बनवून सांगितले होते. आता तिचे हात थांबले.  मी पाया पडायला वाकलो, तर मागे सरकली.

"तुमी न्हाई म्हनला असता तर दुसऱ्या कुनी म्हनलं असतं," ती म्हणाली. "पर म्हनला तुमी." मग दोरीचे टोक पायाच्या अंगठ्यात पुन्हा अडकवत म्हणाली, "माझी माफी घिऊन मी काय करू? माझ्या लेकाला वाटतंय, आय चिंध्यांसाठी फिरली. त्याला जाऊन सांगा."

पिंपरी

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी कारखान्याच्या दरवाजाबाहेर उभा राहिलो. भोंगा झाला आणि माणसे बाहेर येऊ लागली, शेकड्यांनी. कोणी सायकली काढत होते, कोणी बिड्या शिलगावत होते. एवढ्या गर्दीत तो सापडणार नाही, असे मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होते, आणि तसेच व्हावे असेही वाटत होते. पण तो सापडला. बरोबर चार-पाच सोबती होते. मला पाहून हसला आणि म्हणाला, "काय काका, वाट चुकला व्हय?"

मला त्याला बाजूला घेऊन सांगायचे होते. तोंडाशी शब्दही आले होते, जरा इकडे ये म्हणून. मग वाटले, त्याच्या आईची चेष्टा याच माणसांसमोर झाली होती. मी तिथेच, सगळ्यांच्या मध्ये उभा राहून बोललो.

"सखारामभाऊ, तो नगरचा बामण मीच. तुम्ही मला सगळं सांगत होतात, आणि मी मागे गप्प बसून राहिलो. ते तीन दिवस कुठल्याही पोथीत नाहीत, मी माझ्या मनाने दिले. तुमची आई लुगड्यांसाठी फिरली नाही. ती लुगडी अजून तशीच पडली आहेत, मी डोळ्यांनी पाहून आलो. पाटलांच्या सुनेच्या पोटातल्या मुलाला काही होऊ नये म्हणून ती फिरली, कारण माझं खोटं तिने खरं मानलं. तुम्हाला लाज वाटायची असेल तर ती माझी वाटू द्या, तिची नको. माझं चुकलं. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही सावकाश ठरवा, पण आधी घरी जा."